कंट्रोलरवर नेम धरण्यासाठी योग्य सेन्सिटिव्हिटी कशी ठरवावी

कॉल ऑफ ड्यूटी, एपेक्स लेजेंड्स किंवा फोर्टनाइट यांसारखा गोळीबाराचा खेळ कंट्रोलरवर नव्याने सुरू करणाऱ्याला सेन्सिटिव्हिटी, म्हणजे स्टिक ढकलल्यावर नेम किती वेगाने वळावा हे ठरवणारा आकडा, किती ठेवावी हा प्रश्न लगेच पडतो, आणि उत्तर म्हणून बहुधा एखाद्या नामवंत खेळाडूच्या सेटिंग्जचा स्क्रीनशॉट त्याच्या हाती येतो. त्या स्क्रीनशॉटमधला आकडा खोटा नसतो. पण तो एकटा फारसे काही सांगतही नाही. त्या आकड्यामागे त्या खेळाडूचा डेडझोन आणि त्याने निवडलेला रिस्पॉन्स कर्व्ह (या दोन्हींचा अर्थ पुढे येतो), त्याच्या स्टिकची उंची आणि ताठरपणा, पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याची रुंदी आणि सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम्स एवढे सगळे असते. यांतली एखादीच गोष्ट बदलली तरी तोच ६ किंवा ७ हा आकडा दुसऱ्याच्या हातात वेगळा वागतो. म्हणून येथे कोणताही तयार आकडा न देता तो स्वतः शोधण्याची रीत सांगितली आहे. तिचे सूत्र असे की, आपल्या खेळात जेवढे झटपट वळावे लागते तेवढे वळू देणारा सर्वांत कमी वेग निवडावा आणि उरलेली सगळी ताकद बारीक नेमासाठी राखावी.

स्टिक वेग सांगते, जागा नाही

माउस जितका सरकवावा तितकाच नेम सरकतो आणि हात थांबला की नेमही थांबतो. उजव्या स्टिकचे काम गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखे असते: ती किती ढकलली यावरून वळण्याचा वेग ठरतो, आणि एकूण किती वळलो हे ती किती वेळ ढकलून ठेवली यावर अवलंबून राहते. सेन्सिटिव्हिटीचा आकडा वाढवला की स्टिक पूर्ण ढकलल्यावर मिळणारा कमाल वेग वाढतो. पण अंगठ्याला मिळणारा पल्ला मात्र तेवढाच राहतो. त्या इवल्याशा पल्ल्यात आता अधिक वेग बसवायचा असल्यामुळे अंगठ्याच्या प्रत्येक सूक्ष्म हालचालीचा परिणाम मोठा होतो, आणि सगळी अडचण येथूनच सुरू होते.

ही अडचण किती मोठी आहे हे साध्या गणिताने दिसते. समोरचा खेळाडू सेकंदाला ५ मीटर वेगाने आडवा धावत आहे असे धरू. तो १० मीटरवर असेल तर नेम त्याच्यावर टिकवण्यासाठी सेकंदाला सुमारे २९ अंश वळावे लागते. ५० मीटरवर असेल तर ६ अंशांहूनही कमी पुरतात. आणि तो अवघ्या ३ मीटरवरून गेला तर मात्र सुमारे ९५ अंश लागतात. आता आपला कमाल वेग सेकंदाला २४० अंश असेल आणि स्टिकचा प्रतिसाद सरळ प्रमाणात असेल, तर १० मीटरवरच्या शत्रूसाठी स्टिक तिच्या पल्ल्याच्या १२ टक्के ढकलावी लागेल आणि ५० मीटरवरच्यासाठी जेमतेम अडीच टक्के. सामन्याच्या घाईत अंगठा अडीच टक्क्यांवर स्थिर धरणे कोणालाही जमण्यासारखे नाही. नेम रोखताना वेग आपोआप कमी होणे, रिस्पॉन्स कर्व्ह आणि एम-असिस्ट (नेम शत्रूवर टिकवायला खेळाने केलेली मदत) या तिन्ही सोयी कंट्रोलरच्या खेळांत असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

आकड्याला हात लावण्यापूर्वी

टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड चालू आहे याची खात्री करून घ्यावी. चित्र सुंदर करण्यासाठी टीव्ही जी प्रक्रिया करतो तिच्यात वेळ जातो, त्यामुळे खेळाडूला नेम लक्ष्यावर आलेला उशिरा दिसतो, तो स्टिक उशिरा सोडतो आणि नेम पुढे निघून जातो. लक्षण सेन्सिटिव्हिटी जास्त असल्याचे दिसते, आणि बिचारा खेळाडू आकडा कमी करत बसतो. खेळात गुणवत्ता आणि कामगिरी असे दोन पर्याय असतील तर कामगिरीचा, म्हणजे अधिक फ्रेम्सचा पर्याय निवडावा. दृश्याची रुंदी, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, बदलायची असेल तर तीही आताच ठरवून टाकावी. ती वाढवली की समोरच्या वस्तू लहान दिसतात आणि वळण्याचा वेग प्रत्यक्षात तोच असूनही डोळ्यांना कमी वाटतो, म्हणून ती नंतर बदलली तर केलेले काम पुन्हा करावे लागते.

डेडझोन

खरी सुरुवात डेडझोनपासून होते. स्टिक मध्यापासून किती हलेपर्यंत खेळाने तिच्याकडे दुर्लक्ष करावे हे डेडझोन ठरवतो. अनेक कंट्रोलरच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक किती हलली हे घासून मोजणारा भाग, असतो आणि वापराने तो झिजतो, त्यामुळे हात न लावताही नेम एका बाजूला सरकू लागतो. यालाच खेळाडू ड्रिफ्ट म्हणतात. डेडझोन मोठा ठेवला की ड्रिफ्ट झाकला जातो, पण त्याबरोबर मधला तोच प्रदेश मरतो जिथे दूरच्या शत्रूसाठी लागणारे सूक्ष्म वेग असतात. मोठा डेडझोन असलेल्या खेळाडूला नेम आधी अडकल्यासारखा आणि मग एकदम उडी मारल्यासारखा वाटतो, आणि तो हा दोषसुद्धा सेन्सिटिव्हिटीच्या माथी मारतो.

तपासण्याची पद्धत अशी आहे. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये दोन्ही स्टिकचे किमान डेडझोन वेगवेगळे देता येतात. त्यांतले उजव्या स्टिकचे मूल्य शून्यावर न्यावे आणि खेळात एखाद्या भिंतीसमोर उभे राहून कंट्रोलर टेबलावर ठेवावा. नेम सरकत असेल तर तो स्थिर होईपर्यंत मूल्य एकेका पायरीने वाढवावे. त्यानंतर स्टिक डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली ढकलून दर वेळी एकदम सोडून द्यावी. जुन्या स्टिक प्रत्येक दिशेने परतताना वेगळ्या जागी थांबतात, म्हणून एका दिशेने सोडल्यावर नेम स्थिर आणि दुसऱ्या दिशेने सोडल्यावर सरकता, असे हमखास आढळते. चारही बाजूंनी स्थिर राहील ते मूल्य घ्यावे आणि त्यावर एक पायरी जास्त ठेवावी, म्हणजे कंट्रोलर तापला किंवा आणखी थोडा झिजला तरी सामन्यात घात होणार नाही. एपेक्स लेजेंड्समध्ये साध्या मेनूत डेडझोनचे मोजकेच पर्याय आहेत. तिथे ड्रिफ्ट न होणारा सर्वांत लहान पर्याय घ्यावा.

कमाल डेडझोनकडे, म्हणजे स्टिक किती ढकलल्यावर पूर्ण वेग मिळावा हे ठरवणाऱ्या मूल्याकडे, मात्र फार थोडे लोक पाहतात. काही कंट्रोलरची स्टिक कडेपर्यंत नेली तरी पूर्ण १०० टक्के संकेत देत नाही, विशेषतः तिरक्या दिशेने. अशा वेळी आपल्याला कमाल वेग कधीच मिळत नसतो आणि आपण वळणे मंद आहे म्हणून आकडा वाढवत राहतो. हे मूल्य थोडे खाली आणले की कडेला पोहोचण्याआधीच पूर्ण वेग मिळतो.

रिस्पॉन्स कर्व्ह

स्टिक अर्धी ढकलली तर वेगही अर्धाच मिळावा का, याचे उत्तर रिस्पॉन्स कर्व्ह देतो. कॉल ऑफ ड्यूटीच्या अलीकडच्या खेळांत स्टँडर्ड, लिनिअर आणि डायनॅमिक असे तीन पर्याय आहेत. एपेक्समध्ये क्लासिक, लिनिअर यांच्यासह पाच. फोर्टनाइटमध्ये लिनिअर आणि एक्स्पोनेन्शियल असे दोन. लिनिअरमध्ये वेग स्टिकच्या सरळ प्रमाणात वाढतो. स्टँडर्ड, क्लासिक आणि एक्स्पोनेन्शियल यांच्यात मध्याजवळ वेग हळू वाढतो आणि कडेकडे भराभर. वर घेतलेले उदाहरणच पुढे नेऊ: वेग स्टिकच्या वर्गाप्रमाणे वाढत असेल, तर अडीच टक्के वेगासाठी स्टिक सुमारे १६ टक्के ढकलावी लागते. प्रत्येक खेळाचा कर्व्ह नेमका वर्गाचाच असतो असे नाही, पण परिणामाची दिशा हीच असते: लांबच्या लक्ष्यासाठी अंगठ्याला जागा मिळते. त्याची किंमत मध्यापासून कडेपर्यंतच्या प्रवासात मोजावी लागते, कारण तिथे थोड्या हालचालीत वेग फार बदलतो आणि जवळच्या झटापटीत अंदाज चुकू शकतो.

माझे मत असे की, नवख्याने कॉल ऑफ ड्यूटीत डायनॅमिक आणि एपेक्समध्ये क्लासिक घेऊन सुरुवात करावी. लिनिअर चांगला आहे, पण तो थरथरणारा अंगठा जसाच्या तसा पडद्यावर दाखवतो, आणि ती थरथर कमी व्हायला सराव लागतो. कोणताही निवडला तरी तो सेन्सिटिव्हिटी ठरवण्याच्या आधी निवडावा आणि मग हलवू नये. कर्व्ह आणि आकडा एकाच संध्याकाळी बदलणाऱ्याला कशामुळे काय झाले हे कधीच कळत नाही.

वळण्याचा वेग मोजणे

आता मूळ सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बंदूक रोखलेली नसताना वळण्याचा वेग. तो मोजायला मोबाईलमधले स्टॉपवॉच पुरते. सरावाच्या नकाशात एखाद्या ठळक खुणेवर नेम ठेवून स्टिक आडवी पूर्ण ढकलावी, दहा पूर्ण फेऱ्या व्हायला किती सेकंद लागले ते मोजावे, आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागावे. दहा फेऱ्यांना २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला १८० अंश झाला, म्हणजे पाठीमागे वळायला एक पूर्ण सेकंद. १५ सेकंद लागले तर २४० अंश, म्हणजे पाऊण सेकंद. १२ सेकंद लागले तर ३०० अंश, म्हणजे सुमारे ०.६ सेकंद. ही मोजणी कंटाळवाणी वाटेल, पण प्रत्येक खेळातला ६ हा आकडा वेगळा असतो आणि सेकंद मात्र सगळीकडे सारखेच असतात.

एपेक्ससारख्या खेळात येथे एक मेख आहे. त्याच्या प्रगत मेनूत स्टिक कडेला लागल्यावर मिळणारा जादा वेग आणि तो चढायला लागणारा वेळ अशा वेगळ्या सेटिंग्ज आहेत. हा जादा वेग चालू असेल तर पहिली फेरी आणि दहावी फेरी सारखी नसू शकते. पाठीमागे वळायला त्याची मदत होते, पण ऐन झटापटीत अंगठा चुकून कडेला लागला की नेम अचानक झेपावतो. वेग ज्याला आधी ओळखता यायला हवा त्याने हा जादा वेग बंद ठेवावा आणि मूळ वेग थोडा वाढवावा. ज्याला मंद मूळ वेगच सोसतो त्याने जादा वेग चालू ठेवावा, पण चढण्याचा वेळ शून्य करावा.

किती वेग पुरेसा, हे आपला खेळ ठरवतो. कॉल ऑफ ड्यूटीच्याच वॉरझोन या खेळात इमारतीत, जिन्यावर आणि दारांतून लढताना शत्रू पाठीमागून येतो. मोकळ्या माळावर दूरवरून गोळीबार करणाऱ्याला तशी वेळ क्वचित येते. सरावात दोन खुणा एकमेकींच्या विरुद्ध दिशांना निवडाव्यात आणि एकीवरून दुसरीवर वळून एकाच हालचालीत जवळपास थांबता येते का ते पाहावे. थांबणे जमते पण वळणे उशिरा होते असे वाटले तर एक पायरी वर जावे. वळणे झटपट होते पण दर वेळी नेम खुणेच्या पुढे जातो असे असेल तर एक पायरी खाली यावे. आडवा आणि उभा वेग सुरुवातीला सारखेच ठेवावेत. पुढे बंदुकीचा झटका आवरताना नेम वरखाली डोलू लागला तर फक्त उभा वेग जरासा कमी करावा.

बंदूक रोखल्यावरचा वेग

सामने बहुतांशी येथे जिंकले किंवा हरले जातात, म्हणून सर्वाधिक वेळ एडीएस सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे बंदूक डोळ्याशी रोखलेली असतानाच्या वेगाला, द्यावा. कॉल ऑफ ड्यूटीत ती गुणकाच्या रूपात असते: १.०० म्हणजे मूळ वेगाशी जोडलेले ठरावीक प्रमाण, ०.८० म्हणजे त्याहून कमी. म्हणजे मूळ आकडा बदलला की एडीएसही बदलते, आणि त्यामुळेच वळण्याचा वेग आधी पक्का करायचा असतो. एपेक्समध्ये दोन्ही आकडे स्वतंत्र असतात; खेळाडू ४-३ म्हणतात तेव्हा पहिला आकडा वळण्याचा आणि दुसरा रोखण्याचा. कॉल ऑफ ड्यूटीत हा बदल बंदूक डोळ्याशी येण्याच्या सुरुवातीला, हळूहळू की शेवटी व्हावा हेही ठरवता येते. मी तात्काळ बदलाची शिफारस करेन, कारण मग रोखण्याचे बटण दाबल्याच्या क्षणापासून अंगठ्याला एकच वेग मिळतो.

तपासणी दोन टप्प्यांत करावी. पहिला टप्पा रिकाम्या भिंतीवर. बंदूक रोखून एखाद्या खिडकीच्या चौकटीभोवती नेम सावकाश फिरवावा. तो कोपऱ्यांवर बाहेर उडत असेल तर एडीएस जास्त आहे. दुसरा टप्पा हलत्या बॉटवर, म्हणजे संगणक चालवत असलेल्या शत्रूवर. एपेक्समध्ये फायरिंग रेंज आहे, कॉल ऑफ ड्यूटीत बॉट घेऊन खासगी सामना खेळता येतो. हा दुसरा टप्पा टाळता येत नाही, कारण एम-असिस्ट फक्त शत्रूवर काम करतो. नेम शत्रूच्या जवळ आला की तो आपला वेग कमी करतो, आणि अनेक खेळांत आपण किंवा शत्रू आडवे हलत असताना नेम थोडासा शत्रूबरोबर वळवतोही. त्यामुळे भिंतीवर अचूक वाटलेली सेन्सिटिव्हिटी शत्रूवर चिकट आणि जड वाटू शकते. डावी स्टिक स्थिर ठेवून सराव करणाऱ्याला हा फरक दिसणार नाही, म्हणून बॉटवर नेम धरताना स्वतः सतत डावीउजवीकडे सरकत राहावे. कॉल ऑफ ड्यूटीच्या कथाभागात मात्र ही तपासणी करू नये. तिथे बंदूक रोखताच नेम शत्रूवर ओढला जाऊ शकतो आणि ऑनलाइन सामन्यात तसे होत नाही.

बॉटवर काय घडते ते डोळे उघडे ठेवून पाहावे. नेम सतत शत्रूच्या मागून फरफटत असेल आणि गोळ्या त्याच्या पाठीमागे जात असतील, तर एडीएस कमी आहे. नेम शत्रूला ओलांडून पुढे जाऊन परत येत असेल, तर ती जास्त आहे. जवळच्या शत्रूवर ठीक आणि दूरच्यावर थरथर असेल, तर मुख्य आकड्याला हात न लावता मोठ्या स्कोपचा वेग वेगळा कमी करावा. कॉल ऑफ ड्यूटी आणि एपेक्स या दोन्हींमध्ये झूमनुसार तशी सोय आहे. दूरच्यावर ठीक आणि जवळ मात्र मागे पडत असेल, तर बहुतेक वेळा दोष आकड्याचा नसतो. तीन मीटरवर बंदूक रोखायचीच गरज नसते, तिथे न रोखता गोळीबार केला की मूळ वेग कामी येतो. आणि सगळेच कधी असे कधी तसे होत असेल, तर कंट्रोलर किती घट्ट पकडला आहे ते पाहावे. ताणलेल्या अंगठ्याला कोणताच आकडा मानवत नाही.

बदल एका वेळी एकच पायरी आणि एकाच सेटिंगचा करावा. त्यानंतर किमान आठवडाभर, हरलो तरी, तो हलवू नये. दोन सामने वाईट गेले की मेनू उघडण्याची सवय फार पसरलेली आहे, आणि अंगठ्याला एखादा वेग ओळखीचा होण्याआधीच तो बदलला जातो.

मोबाईलवरून आणि जायरोकडून आलेल्यांसाठी

आपल्याकडे अनेक जण बीजीएमआय हा मोबाईलवरचा गोळीबाराचा खेळ खेळून मग कन्सोलकडे वळतात. तिथे प्रत्येक स्कोपला वेगळी टक्केवारी आणि जोडीला जायरोस्कोप (उपकरण किती वळवले हे ओळखणारा सेन्सर, थोडक्यात जायरो) असतो, त्यामुळे मोबाईल तिरका करून बारीक नेम धरण्याची सवय मनगटाला लागलेली असते. ती टक्केवारी कंट्रोलरवर आणून उपयोग नाही, पण ती सवय वाया जाण्याचे कारण नाही. प्लेस्टेशनच्या ड्युअलसेन्समध्ये जायरो आहे आणि फोर्टनाइटसारखे खेळ त्याला वाव देतात. एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये तो नाही. जायरो माउसप्रमाणे जागा सांगतो. मनगट जितके वळवावे तितकाच नेम वळतो. त्यामुळे जायरो वापरणाऱ्याने स्टिकचा वेग बिनधास्त वाढवावा, कारण मोठी वळणे स्टिकने घ्यायची आणि शेवटचे दोन अंश मनगटाने, अशी कामाची वाटणी होते. फक्त बंदूक रोखल्यावरच जायरो चालू होईल असा पर्याय असेल तर सुरुवातीला तोच घ्यावा.

नवा खेळ, नवा कंट्रोलर

दुसरा खेळ सुरू करताना जुना आकडा टाकू नये, जुने सेकंद टाकावेत. नव्या खेळात आकडा असा बसवावा की दहा फेऱ्यांना जवळपास तेवढाच वेळ लागेल. मग कर्व्ह शक्य तितका तसाच निवडावा आणि एडीएस पुन्हा बॉटवर तपासावी, कारण प्रत्येक खेळाचा झूम आणि एम-असिस्ट वेगळा असतो.

नवा कंट्रोलर घेतला तर काम पुन्हा डेडझोनपासून. चुंबकाच्या आधारे चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकमध्ये घासणारा भाग नसल्यामुळे झीज फार कमी होते आणि डेडझोन बराच खाली आणता येतो. पण तो खाली आणताच मधला मेलेला प्रदेश जिवंत होतो आणि तीच सेन्सिटिव्हिटी आधीपेक्षा चपळ वाटते, म्हणून अशा वेळी वळण्याचा आकडा तसाच ठेवून एडीएस एक पायरी कमी करून पाहावी. स्टिकवर उंच टोपी बसवली तर उलट घडते: टोकाला मिळणारा पल्ला वाढतो, तेवढ्याच वेगासाठी अंगठा अधिक लांब न्यावा लागतो, आणि आधी जास्त वाटलेला आकडा आता आवाक्यात येतो. टोपी फक्त उजव्या स्टिकवर बसवावी. डावीकडे ती धावण्याची दिशा बदलायला लागणारा वेळ वाढवते.